नांगरलेल्या माळाचे ऋण

पूर्वजांचे घर जतन करावयाचे म्हणजे नेमके काय जतन करावयाचे? केवळ भिंती आणि छप्पर, की ज्या भूमीने त्या घराला अन्न दिले ती भूमीदेखील? अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, बिॲट्रिस गावाजवळ एक जुनी शेती राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून राखण्यात आली आहे. तिचा इतिहास या प्रश्नाच्या संदर्भात मननीय आहे.

अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी 'होमस्टेड' कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्यान्वये अल्प शुल्क भरून १६० एकर सरकारी जमिनीवर दावा सांगता येई. पाच वर्षे तेथे राहावे, घर बांधावे, जमीन कसावी, म्हणजे ती कायमची आपली, अशी त्यातील अट होती. १ जानेवारी १८६३ रोजी कायदा अमलात आला आणि त्याच दिवशी डॅनियल फ्रीमन यांनी आपला अर्ज नोंदविला. पुढे सुमारे २७ कोटी एकर जमीन, म्हणजे त्या देशाच्या भूमीचा जवळजवळ दहावा हिस्सा, या मार्गाने खाजगी हाती गेली. गरीब शेतकरी, युरोपातून आलेले निर्वासित, गुलामगिरीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय, एकाकी स्त्रिया अशा अनेकांना या कायद्याने हक्काची जमीन दिली.

परंतु ती जमीन निर्जन नव्हती. या परिसरात ओटो आणि मिझूरिया या जमातींचे वास्तव्य होते. १८५४ च्या कराराने त्यांची बहुतेक भूमी गेली आणि बिग ब्लू नदीकाठचा एक राखीव पट्टा तेवढा उरला. १८८१ साली तोही सोडून त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. एकाला मिळालेले घर हे दुसऱ्याचे हरवलेले घर होते, हे सत्य स्मारकापुढे उभे राहताना विसरता येत नाही.

हरवले ते केवळ मनुष्याचेच नव्हे. येथे पुरुषभर उंच गवताचा अफाट माळ पसरलेला होता. त्या गवताची मुळे जमिनीत खोलवर जात व मातीला घट्ट धरून ठेवीत. वसाहतवाल्यांनी पोटासाठी तो माळ नांगरला. त्यांना दोष देणे सोपे आहे; पण कसल्याशिवाय हक्क नाही, अशी कायद्याचीच अट होती. उत्तर अमेरिकेतील या उंच गवताच्या माळांपैकी आज चार टक्क्यांहूनही कमी भाग शिल्लक आहे.

फ्रीमन १९०८ साली वारले, त्यांच्या पत्नी ॲग्नेस १९३१ साली. १९३६ साली अमेरिकन काँग्रेसने ही जागा राष्ट्रीय स्मारक ठरविली, तेव्हा फ्रीमन यांची मूळ झोपडी उरलेली नव्हती. त्या काळाची कल्पना यावी म्हणून पुढे १८६७ सालचे, ओंडक्यांनी बांधलेले एक घर त्याच परगण्यातून आणून येथे उभे केले गेले. मात्र त्याच्याही आधी, १९३९ पासून, झिजलेल्या शेतात पुन्हा मूळचे गवत रुजविण्याचे काम सुरू झाले होते. आज सुमारे शंभर एकरांवर तो माळ पुन्हा डोलतो आहे. झुडपांनी त्याला गिळू नये म्हणून अधूनमधून तेथे नियंत्रित आग लावली जाते. काटेरी तार येण्यापूर्वी कुंपण म्हणून लावलेल्या 'ओसेज ऑरेंज' या काटेरी झाडांची जुनी रांगही मुद्दाम राखली आहे. तोडणाऱ्याची खूण आणि तुटलेला माळ, दोहोंची आठवण शेजारी शेजारी आहे.

या स्मारकात १८७२ साली बांधलेली एक विटांची शाळाही आहे. शाळेत शिक्षिका बायबल वाचतात, प्रार्थना घेतात, यास फ्रीमन यांनी १८९९ साली हरकत घेतली. १९०२ साली नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याला हे वाचून प्रथम खेद वाटेल. पण शाळांतून वाचले जाणारे ते बायबल प्रॉटेस्टंट भाषांतराचे असे आणि त्याच वादातून १८४४ साली फिलाडेल्फियात कॅथलिकांची चर्चे जाळली गेली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे अल्पसंख्याकांच्या सदसद्विवेकाचे रक्षण किती मोलाचे, हे उमगते.

लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात ज्युबिली वर्षाचा नियम आहे. भूमी देवाची आहे आणि आपण तिच्यावरील उपरे आहोत, असा त्याचा आशय. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकातून पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले, ते याच श्रद्धेतून.

आपणही वाडवडिलांच्या घराचे कौतुक करतो, त्यांच्या तसबिरीला हार घालतो. आणि त्याच वेळी त्यांनी खणलेली विहीर बुजवितो, त्यांनी लावलेला आंबा तोडतो. नेब्रास्कातील त्या शेतीवर पूर्वजांचे श्रम गौरविले गेले, त्यांच्या हातून झालेली हानी मान्य केली गेली आणि ती भरून काढण्यासाठी पुढच्या पिढ्या मातीत राबल्या. पापनिवेदनाच्या संस्कारातही आपण याहून वेगळे काय शिकतो? चूक कबूल करावी, पश्चात्ताप करावा आणि शक्य तितकी भरपाई करावी. पूर्वजांवरील प्रेमाची कसोटीही तीच आहे.