‘परम’मधले दोन प्रोसेसर

प्रोसेसर जोखताना आपण आधी वेगाचा आकडा विचारतो. पुण्याच्या सी-डॅकमध्ये तेवढ्यावर भागलं नाही, ते का हे पाहू.

अमेरिकेने हवा तो सुपरकॉम्प्युटर नाकारला, १९८८ मध्ये ही संस्था निघाली आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या चमूने ‘परम ८०००’ उभा केला. त्यात इनमॉसचे टी-८०० ट्रान्सप्युटर होते. एकेकट्याची ताकद किती? २० मेगाहर्ट्झला सेकंदाला अपूर्णांकांची जेमतेम १५ लाख गणितं. इंटेलचा आय-८६० ४० मेगाहर्ट्झला ८ कोटी करायचा. पन्नासपटीहून जास्त! कागदोपत्री हं.

भांडुपकरांना वेगळं सांगायला नको : संकुलात पाणी कितीही शुद्ध होवो, घरात येतं ते पाइपाच्या जाडीइतकंच. आय-८६० ला मेमरीतून आकडे वेळेवर मिळत नसत, नेहमीच्या प्रोग्रॅमला त्या ८ कोटींतला लहान हिस्साच लाभे. शिवाय शेजारच्या प्रोसेसरशी बोलायला टी-८०० च्या चिपवरच चार दुवे होते, तसे याच्याकडे नव्हते. शेकडो प्रोसेसर एकत्र राबवायचे तर हेच महत्त्वाचं. म्हणून ‘परम ८६००’ मध्ये जुन्याला हाकललं नाही. प्रत्येक नोडवर गणिताला एक आय-८६० आणि निरोप पोचवायला चार ट्रान्सप्युटर.