एकट्याचे पत्र आणि समाजाचे ऋण

गेली काही वर्षे मी पाचोडहून चार पानांचे एक अनियतकालिक काढतो. मजकूर माझा, मुद्रितशोधन माझे, अंक वाटणाराही मीच. अशा एकट्याच्या पत्राने काय साधते, असा प्रश्न कार्यकर्ते मित्र नेहमी विचारतात. या प्रश्नाचे उत्तर आपल्या चळवळीच्या इतिहासात शोधावे लागते.

31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’ने मात्र पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला. बाबासाहेब त्या वेळी सिडनेहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते, म्हणून संपादक या नात्याने पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव लागले. लेखणी मात्र बाबासाहेबांची. त्याच वर्षीच्या जुलैत ते शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले आणि ज्ञानदेव घोलप यांच्याकडे संपादन आले. 1923 साली पत्र बंद पडले. एका लेखणीवर उभे राहिलेले पत्र ती लेखणी दूर गेल्यावर किती काळ तग धरणार?

महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिल 1927 रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. या वेळी संपादक म्हणून बाबासाहेबांचेच नाव होते. महाडला काय घडले ते आपल्या तोंडाने सांगणे भागच होते, कारण दुसऱ्याच्या पत्रात आपली बाजू दुसऱ्याच्या सोयीने येते. पण मदतनीस नाही, पैसा नाही. चोवीस चोवीस रकाने त्यांना एकट्याने भरून काढावे लागत. फेब्रुवारी 1928 मध्ये त्यांनी वाचकांपुढे अग्रलेखातूनच हिशेब मांडला आणि या पत्राचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असा सवाल केला. या सवालात याचना नव्हती. पत्र समाजाचे असेल तर त्याचा बोजाही समाजाचा, हा त्यातला विचार होता. समाज मात्र गिरणीत आणि गावकीत राबणारा. वर्गणी देण्याची इच्छा असलेल्याच्या हाती पैसा नव्हता. 15 नोव्हेंबर 1929 रोजी हेही पत्र थांबले.

त्यानंतर 24 नोव्हेंबर 1930 रोजी ‘जनता’ आले. देवराव नाईकांपासून अनेक सहकाऱ्यांचे हात त्याला लागले आणि ते टिकले. 4 फेब्रुवारी 1956 रोजी त्याचेच नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. आधीच्या दोन पत्रांची लेखणी तेजस्वी होती, तरी आयुष्य मिळाले ते अनेकांनी वाहिलेल्या पत्राला.

यावर कोणी ‘दीनमित्र’चा दाखला देईल, आणि तो दिलाच पाहिजे. मुकुंदराव पाटलांनी 1910 साली सुरू केलेले हे सत्यशोधकी पत्र नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून, 1967 साली त्यांचे निधन होईपर्यंत निघत राहिले. सत्तावन्न वर्षे! त्यांच्या चिकाटीला नमस्कारच केला पाहिजे. परंतु त्यांच्यामागे पाटील घराण्याचा आधार होता. वतनाच्या जोखडाखाली गावकीची कामे करणाऱ्या महाराला गावात राहून गावाविरुद्ध लिहिणे तितके सोपे नव्हते. म्हणूनच आपली पत्रे मुंबई-पुण्यात निघाली. पत्राच्या आयुष्यामागे संपादकाच्या निष्ठेइतकाच जमिनीचा आणि जातीचा हिशेब असतो, हे विसरून चालणार नाही.

आमच्या बाजूची कथा आणखी वेगळी. गोदावरीपलीकडे तरवडी इंग्रजी मुलखात होती, अलीकडे पाचोड निजामाच्या राज्यात. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, सभेला पूर्वपरवानगी लागे. इथे पत्र काढण्याआधी वाचकच घडवावा लागणार होता. ते काम 1950 साली औरंगाबादला सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाने केले. 1960च्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ त्याच शहरातून निघाले, हा योगायोग नव्हे. पिढीभराच्या शिक्षणाने लिहिणारे आणि वाचणारे घडले, तेव्हा त्यांना व्यासपीठ मिळाले.

शेवटची गोष्ट जतनाची. ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’चे उपलब्ध अंक 1990 साली महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ते सामान्य विद्यार्थ्याच्या हाती आले. मधल्या साठ-सत्तर वर्षांत कुणीतरी ते पेटीत जपले होते, म्हणून हे शक्य झाले. उलट बाबासाहेबांचे बुद्धभूषण छापखान्याचे स्थान असलेले दादरचे आंबेडकर भवन जून 2016 मध्ये पाडले गेले. आपण जपले नाही, तर आपला इतिहास दुसऱ्याच्या दप्तरातून वाचावा लागेल.

म्हणून माझ्या चार पानांबाबत मी काही नियम ठरवले आहेत. अंक फुकट द्यायचा नाही, वर्गणी रुपयाची असली तरी चालेल, कारण वर्गणी देणारा हिशेब विचारतो. प्रत्येक अंकात निम्मी जागा दुसऱ्याच्या लेखणीला, विशेषतः प्रथमच लिहिणाऱ्या मुलींना. प्रत्येक अंकाच्या तीन प्रती तीन वेगळ्या घरांत जपायच्या. आणि माझ्याशिवाय अंक निघेल अशी तयारी आजपासून करायची.

एकट्याने पत्र सुरू करावे, जरूर करावे. कुणीतरी पहिला शब्द उच्चारल्याशिवाय मुक्यांना वाचा फुटत नाही. पण तो शब्द उचलणारा दुसरा माणूस घडवला, तरच समाजाचे ऋण थोडेफार फिटते. पाचोडसारख्या प्रत्येक गावात असे दोघे मिळतील का, हा प्रश्न मी वाचकांपुढे ठेवतो.