तलावांच्या मुलखातील उन्हाळा आणि हिवाळा

मुंबई-हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड हे स्थानक वरठी गावात आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील या गावापासून पूर्वेकडे गेले की साकोली, अर्जुनी मोरगाव या बाजूंना जंगल दाट होत जाते आणि टेकड्यांच्या कुशीत तलावांमागून तलाव लागतात. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते यामुळेच. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा झाला आणि नवेगावबांधसारखे मोठे जलाशय त्या जिल्ह्यात गेले. तरी झाडीपट्टी म्हणून हा मुलूख एकच आहे. परक्याला रानातले निसर्गनिर्मित वाटणारे हे पाणी माणसांनी अडवलेले आहे, आणि इथल्या उन्हाळ्या-हिवाळ्याची उघड्यावरची कामे, खेळ आणि करमणूक त्या पाण्याच्या चढउताराशी बांधलेली आहेत.

हे तलाव मुख्यतः कोहळी समाजाने बांधले. गोंड राजाने काशीच्या यात्रेहून परतताना कोहळ्यांना सोबत आणले आणि तलाव बांधणाऱ्याला जमीन दिली, अशी परंपरा सांगितली जाते. दोन टेकड्यांमधली अरुंद जागा हेरायची, तिथे मातीची पार घालायची, पाणी सोडायला तुडुम ठेवायचे आणि जादा पाणी वाहून जायला एका कडेने सलंग काढायची, असे हे तंत्र होते. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी घातला असे मानतात. ‘सात बहिणी’ नावाच्या टेकड्यांनी वेढलेला हा तलाव सुमारे 11 चौरस किलोमीटर पसरला आहे. बांधाची देवता झालेल्या कोलासुराचे स्थान आजही त्याच्या काठी आहे. मोठा तलाव भरला की ओसंडलेले पाणी खालच्या तलावात, तिथून लहान बोड्यांत आणि शेवटी धानाच्या बांध्यांत उतरे.

पावसाळ्यानंतर भरलेले तलाव हिवाळ्याला वेगळे रूप देतात. हिमालयापलीकडून आणि मध्य आशियातून चक्रवाक, पट्टकदंब हंस, तलवार बदक हे पाहुणे येतात. सारस मात्र बारमाही इथलाच. महाराष्ट्रात त्याचा मुख्य आधार हाच प्रदेश आहे. याच दिवसांत ढिवर, म्हणजे इथला मासेमार समाज, शिंगाडे काढतात. तलावाच्या पाण्यावर पोसलेला कोहळ्यांचा ऊस हिवाळ्यात गाळला जाई आणि शिवारात गुळाची गुऱ्हाळे लागत.

धान घरात आले की गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते. दिवाळीतल्या भाऊबीजेपासून मंडईचा हंगाम सुरू होतो, पाहुणे येतात, दंडार हे लोकनाट्य होते. पुढे मोकळ्या झालेल्या शेतांत शंकरपट भरतो. दिवसा बैलजोड्यांची शर्यत आणि रात्री मंडपात झाडीपट्टीचे नाटक, अशी ही जोडी आहे. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद पडल्या. पुढे महाराष्ट्राने शर्यतींना परवानगी देणारा कायदा केला आणि 18 मे 2023 रोजी न्यायालयाने तो वैध ठरवला.

उन्हाळ्यात कामाची जागा शेतातून रानात जाते. मोहाची फुले रात्री आणि पहाटे गळतात, म्हणून उजाडण्याआधीच कुटुंबे टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपाने तोडून पुडे बांधले जातात. विडी उद्योगाला लागणाऱ्या या पानांचा व्यापार 1969 च्या कायद्याने राज्य शासनाच्या नियंत्रणाखाली आला. पाणी आटू लागले की ढिवरांची मासेमारी सोपी होते, आणि उघड्या पडलेल्या तळातील गाळ काढून शेतात टाकता येतो. वन्यप्राण्यांनाही तेव्हा मोजक्या पाणवठ्यांवरच यावे लागते. म्हणून बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावर बसून प्राणी मोजण्याची रीत रूढ झाली.

जंगल पाहायला येण्याची प्रथा त्या मानाने नवी आहे. नागझिरा 1970 मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि 2013 मध्ये कोका अभयारण्यासह या क्षेत्रांचा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प करण्यात आला. मराठी वाचकांना मात्र हे रान व्याघ्र प्रकल्पाच्या आधीच ओळखीचे होते. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिले. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवार यांच्या सहवासात पक्षी आणि झाडे जाणून घेतली आणि तो अनुभव आपल्या पुस्तकांत उतरवला.

तलावांची निगा मात्र 1950 नंतर ढासळली. इंग्रजी अमलात ते मालगुजारांच्या ताब्यात होते, म्हणून त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पारीची डागडुजी आणि पाणीवाटप गावाने मिळून करण्याची घडी विस्कटली. गाळ साचला, तळात बेशरम हे तण माजले, देशी पाणवनस्पती गेल्या आणि त्यांच्यावर जगणारे मासेही घटले.

हे पालटण्याचे काम भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर हाती घेतले. उन्हाळ्यात बेशरम उपटायची, कोरडा तळ नांगरायचा आणि पावसाच्या तोंडावर देशी वनस्पती लावायच्या, असा त्याचा क्रम आहे. कोणते मासे कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्याने वाढतात, हे ढिवरांचे पिढीजात ज्ञान त्यामागे आहे. अशा तलावांत देशी मासे पुन्हा दिसू लागले आहेत. हिवाळ्यात पक्षी पाहायला येणाऱ्याने आणि उन्हाळ्यात वाघासाठी पाणवठ्यावर बसणाऱ्याने या श्रमांची आठवण ठेवावी, कारण पार टिकली तरच हे दोन्ही ऋतू टिकतील.