ग्वाल्हेरीचा किल्ला आणि आम्ही मराठी लोक

मराठी माणूस ग्वाल्हेरीस जातो तो बहुधा प्रवासी म्हणून नव्हे. दूरच्या पण सधन अशा सोयऱ्याच्या घरीं जावें तसा जातो. शिंद्यांचें नांव घेतलें कीं तेथें आपली ओळख पटेल असें त्याला वाटत असतें. गेल्या हिवाळ्यांत आम्ही कांहीं विद्यार्थ्यांसह तिकडे गेलों, तेव्हां आमच्याही मनांत ही भावना होतीच. परंतु किल्ल्याची चढण लागल्यावर पहिल्या तासाभरांतच ती बरीच ओसरली. शिंदे या टेकडीवर आले ते फार उशिरां; त्यांच्यापूर्वीं हजार वर्षांचा इतिहास येथें घडून गेला होता.

चढणीच्या वाटेवरच एका अखंड खडकांत कोरलेलें चतुर्भुजाचें लहानसें देऊळ आहे. बहुतेक लोक त्याकडे न पाहतां पुढें जातात. तेथील संवत् 933, म्हणजे इ. स. 876 च्या शिलालेखांत, देवाच्या फुलबागेसाठीं दिलेली जमीन 270 हात लांब व 187 हात रुंद असल्याचें सांगून रोज 50 माळांची व्यवस्था लावून दिली आहे. 270 व 50 या आंकड्यांतलें शून्य आपण आज काढतों तसेंच वाटोळें आहे. निश्चित तारखेचें इतकें जुनें शून्य भारतांत फार थोड्या ठिकाणीं पाहावयास मिळतें. लेख कोरणाऱ्याला आपण कांहीं विशेष करीत आहों असें वाटलें नसावें. त्याला माळांचा हिशेब चोख ठेवावयाचा होता, इतकेंच.

वर गेल्यावर महीपालानें 1093 मध्यें पुरें केलेलें विष्णूचें देऊळ लागतें. लोक त्याला 'सास-बहू'चें म्हणतात. मूळ शब्द सहस्रबाहु असावा. तेलीचें देऊळ त्याहून जुनें व उंच आहे. परंतु आमचे पाय खिळले ते मानमंदिरापुढें. राजा मानसिंह तोमर (1486–1516) यानें बांधलेल्या या वाड्याच्या बाहेरील भिंतीवर निळ्या, हिरव्या व पिवळ्या झिलईच्या तुकड्यांत हत्ती, केळी आणि बदकें रांगेनें काढलेलीं आहेत. जेथें शत्रूला धाक बसवावा, नेमकी तेथेंच या राजाला बदकांची ओळ काढावीशी वाटली! तो गाण्याचाही मोठा भोक्ता होता व धृपदाच्या उत्कर्षाशीं त्याचें नांव जोडलेलें आहे. याच वाड्याचीं तळघरें पुढें मोगलांनीं तुरुंगासाठीं वापरलीं, आणि औरंगजेबाचा सख्खा भाऊ मुराद याला 1661 मध्यें याच किल्ल्यावर ठार करण्यांत आलें. 1528 मध्यें बाबर येथें आला होता. त्यानें आपल्या आत्मचरित्रांत मानसिंहाच्या वाड्याचें बारकाईनें वर्णन केलें, आणि उरवाईच्या दरींतील प्रचंड जैन मूर्ति फोडण्याचा हुकूम दिल्याचेंही त्याच लेखणीनें लिहून ठेवलें.

आतां आपल्याकडे वळावयाचें. 3 ऑगस्ट 1780 च्या रात्रीं पॉफम या इंग्रज अधिकाऱ्याच्या शिपायांनीं कापूस भरलेले जोडे घालून, शिड्या लावून हा 'अजिंक्य' किल्ला घेतला. पहारा शिंद्यांचा होता. महादजींनीं तो पुढें परत मिळविला, ही गोष्ट आपण आवडीनें सांगतों. पहारेकऱ्यांची फारशी सांगत नाहीं. 1810 च्या सुमारास दौलतरावांची छावणी पायथ्याशीं कायमची पडली, आणि तिचें 'लष्कर' हें नांव त्या शहरास चिकटलें. या छावणीचें आपल्यावर एक ऋण मात्र खरें आहे: ग्वाल्हेरची ख्याल-गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं येथून महाराष्ट्रांत आणली.

फुलबागेंत राणी लक्ष्मीबाईची समाधि आहे. 1 जून 1858 रोजीं राणी, तात्या टोपे व रावसाहेब पेशवे मोरारपाशीं आले, तेव्हां शिंद्यांची बहुतेक फौज लढण्याऐवजीं त्यांनाच जाऊन मिळाली. जयाजीराव आग्र्यास इंग्रजांच्या आश्रयास गेले. अवघ्या अडीच आठवड्यांत राणी कोटा-की-सराई येथील झुंजींत पडली. समाधीसमोर आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, दोन्हीकडे मराठीच माणसें, मग आपण कोणाचें नांव घ्यावयाचें?" आम्ही क्षणभर गप्प राहिलों. जयाजीराव व त्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडे यांनीं दौलत वांचविली, आणि दौलत वांचल्यानें पुढें पुष्कळ लोकोपयोगी कामें झालीं, असा युक्तिवाद आमच्या तरुणपणीं आम्हींही केलेला आहे. तो अगदींच खोटा नाहीं. परंतु राजाची फौज राजाला सोडून ज्या बाजूस गेली, ती बाजू त्या युक्तिवादांत कोठेंच बसत नाहीं. आम्हीं त्याला राणीचें नांव घ्यावयास सांगितलें, आणि जयाजीरावांचें नांव वगळूं नको असेंही सांगितलें.

या निष्ठेचा मोबदला कसा चुकता झाला तें पाहण्यासारखें आहे. किल्ला इंग्रजांनीं स्वतःकडेच ठेवला. 1861 मध्यें झांशी शहर शिंद्यांना देण्यांत आलें. आणि 1886 मध्यें तेंच परत घेऊन त्याच्या बदल्यांत शिंद्यांना त्यांचाच किल्ला मिळाला. मधल्या काळांत, 1874 मध्यें, जयाजीरावांनीं खालीं मैदानांत जयविलास राजवाडा उभारला. त्याच्या दरबारांत टांगलेलीं झुंबरें पाहण्यास लोकांची रीघ लागते. छत तीं पेलेल कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वर हत्ती चढविले होते अशी कथा सांगतात.

संध्याकाळीं आम्ही झांशीच्या गाडींत बसलों. किल्ला बराच वेळ उजेडांत दिसत होता. तो विद्यार्थी वही उघडून बसला होता, थोड्या वेळानें त्यानें विचारलें, "सर, अदलाबदल एकसष्टची कीं शहाऐंशीची?" आम्हीं दोन्ही सालें त्याला पुन्हां सांगितलीं, आणि त्यानें तीं लिहून घेतलीं.