‘लाइक’चा गुन्हेगार कोण?

१/१४
१९८२ मध्ये अमेरिकी संगीतकार फ्रँक झॅपा यांचे ‘व्हॅली गर्ल’ हे गाणे गाजले. त्यात त्यांची चौदा वर्षांची मुलगी मून हिने लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतील मुलींच्या बोलण्याची नक्कल केली होती. वाक्यावाक्यात ‘लाइक’! तेव्हापासून इंग्रजी ‘बिघडवल्याचा’ दोष या मुलींच्या माथी बसला. तो पुराव्यावर टिकतो का? #थ्रेड

२/१४
येथे ‘आवडणे’ किंवा ‘सारखा’ या अर्थाचा ‘लाइक’ अभिप्रेत नाही. बोलता बोलता मध्येच येणारा, गाळला तरी वाक्य उभे राहणारा ‘लाइक’ हा विषय आहे. मराठी व्याकरणात अशा शब्दांना पादपूरणार्थक अव्यये किंवा पालुपदे म्हणतात. ‘बरं का’, ‘आपलं’, वाक्यागणिक येणारे ‘म्हणजे’ ही याच घराण्यातली मंडळी.

३/१४
पालुपदांचा इतिहास लिहिताना पहिली अडचण साधनांची. लेखनिक, संपादक आणि मुद्रक बोलणे कागदावर उतरवताना ते नीटनेटके करतात. अडखळणे व चाचपडणे गाळतात. १८७७ मधील एडिसनच्या फोनोग्राफपूर्वी तर बोललेले पुन्हा ऐकवणारे यंत्रच नव्हते. म्हणून जुन्या कागदांत शब्द नाही, यावरून तो लोकांच्या तोंडी नव्हता असे सिद्ध होत नाही.

४/१४
तरीही कादंबऱ्यांतील संवादांतून काही खुणा निसटून आपल्यापर्यंत पोहोचतात. १७७८ मध्ये लंडनमध्ये फॅनी बर्नी यांची ‘एव्हेलिना’ ही कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली. तीत एक पात्र आपले वडील अस्वस्थ झाल्याचे सांगताना ‘अस्वस्थ’ या शब्दामागे ‘लाइक’ जोडते. छटा अशी, की ‘अस्वस्थच म्हणा ना’. लॉस एंजेलिस वसले १७८१ मध्ये, म्हणजे या कादंबरीनंतर तीन वर्षांनी!

५/१४
येथे एक शंका रास्त आहे. उपवाक्याच्या शेवटी येणारा हा ‘लाइक’ उत्तर इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड येथील बोलींत जुनाच आहे. ज्याच्याविषयी तक्रार होते तो ‘लाइक’ वाक्याच्या आरंभी किंवा मध्ये येतो. तो तरी नवा असेल? याचे उत्तर छापील पुस्तकात मिळण्याची शक्यता कमी. त्यासाठी जुन्या माणसांचा आवाजच ऐकायला हवा.

६/१४
तो आवाज न्यूझीलंडमध्ये जपलेला होता. १९४६ ते १९४८ या काळात तेथील राष्ट्रीय प्रसारण सेवेचे फिरते ध्वनिमुद्रण पथक गावोगावी गेले. पहिल्या वसाहतकारांच्या आठवणी रेडिओसाठी तबकड्यांवर उतरवणे, एवढाच हेतू. बोलणाऱ्यांत १८५० आणि १८६० च्या दशकांत जन्मलेली वृद्ध माणसेही होती. भाषेचा अभ्यास कुणाच्या मनातही नव्हता.

७/१४
पुढे ही ध्वनिमुद्रणे क्राइस्टचर्च येथील कँटरबरी विद्यापीठात न्यूझीलंडच्या इंग्रजीचा उगम शोधण्यासाठी अभ्यासली गेली. भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांड्रा डार्सी यांना त्यांत वाक्यारंभीचा ‘लाइक’ सापडला. तोही १८७० च्या दशकात जन्मलेल्यांच्या तोंडी. ब्रिटनमधील खेड्यांतल्या वृद्धांच्या मुद्रणांतही तो आढळला. ही माणसे व्हॅलीतल्या मुलींची पणजी-पणजोबा शोभतील अशा वयाची!

८/१४
खुद्द अमेरिकेतही १९८२ पूर्वी या शब्दाची ओळख वेगळी होती. १९५० च्या दशकात तो जॅझ वादक आणि ‘बीट’ पंथीय तरुणांचा मानला जाई. १९५९ ते १९६३ या काळात चाललेल्या एका दूरदर्शन मालिकेतील मेनार्ड क्रेब्ज हे पात्र याच ढंगात बोले. दाढीवाला, कामचुकार, बोंगो वाजवणारा हा तरुण. शब्द तोच राहिला. आरोपी तेवढा बदलला.

९/१४
मग मुलींचे काहीच श्रेय नाही? आहे, पण वेगळ्या प्रयोगाचे. ‘आय वॉज लाइक…’ असे म्हणून पुढे संवाद सांगायचा, ही लकब खरोखर नवी. १९८२ मध्येच रोनाल्ड बटर्स यांनी ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात तिची नोंद केली. ती पसरवण्यात तरुण स्त्रिया आघाडीवर होत्या, असे अनेक अभ्यासांत दिसले. लोकसमजुतीतला खरा अंश एवढाच.

१०/१४
ही लकब रुजली, कारण तिने एक गरज भागवली. ‘सेड’ म्हटले की उच्चारलेले शब्द सांगणे आले. ‘वॉज लाइक’ने मात्र मनात आलेला विचार, चेहऱ्यावरचा भाव, नुसता सुस्कारासुद्धा सांगता येतो. मराठीत ‘मला तर असं झालं, की…’ म्हणताना नेमके हेच साधते. प्रत्यक्षात कुणी काही बोललेले नसते, तरी ऐकणाऱ्याला सारे कळते.

११/१४
तक्रारीची परंपरा मात्र जुनी. १७१० मध्ये जोनाथन स्विफ्ट यांनी ‘टॅटलर’मध्ये तोडक्या शब्दांवर तोफ डागली. ‘मोबिले वल्गस’ या लॅटिन शब्दांतून तुटलेला ‘मॉब’ त्यांना असह्य होता. १७१२ मध्ये त्यांनी अर्ल ऑफ ऑक्सफर्डला उद्देशून भाषा स्थिर करण्याची योजनाच मांडली. ती बारगळली. ‘मॉब’ मात्र आज गंभीर इतिहासग्रंथांतही सुखाने नांदतो.

१२/१४
गंमत अशी, की स्विफ्ट यांनीच १७३८ मध्ये उच्चभ्रूंच्या घासून गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टर उडवणारे ‘पोलाइट कॉन्व्हर्सेशन’ प्रसिद्ध केले. आज तेच पुस्तक त्या काळच्या बैठकीतल्या बोलीचे मोलाचे साधन ठरले आहे. झॅपा पितापुत्रींच्या गाण्याचेही तसेच. थट्टा करणारा नकळत साक्षीदार होतो. मात्र त्याची साक्ष तपासूनच घ्यावी लागते.

१३/१४
हा प्रश्न निव्वळ शब्दांचा नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेनिफर डेली-ओकेन यांच्या अभ्यासात ‘लाइक’ वापरणारी व्यक्ती श्रोत्यांना अधिक मनमिळाऊ वाटली, पण कमी हुशार. म्हणजे एका पालुपदावरून माणसाच्या बुद्धीचा निवाडा होतो. ज्यांच्या बोलण्याला आधीच कमी लेखले जाते, त्या तरुण मुलींना तो अधिक जाचतो. आणि त्यामागचा इतिहासच चुकीचा!

१४/१४
न्यूझीलंडच्या त्या वृद्धांनी आपल्या मते महत्त्वाचे तेच सांगितले: वसाहतीचे दिवस, कष्ट, माणसे. त्यांच्या मुलाखती कुणी कागदावर उतरवल्या असत्या, तर ‘लाइक’ बहुधा पहिल्याच फेरीत खोडला गेला असता. तबकडीला शुद्धलेखन येत नव्हते. म्हणून तो शब्द वाचला आणि शंभर वर्षांनी जन्मलेल्या मुलींच्या बाजूने साक्ष देऊन गेला.