वीजजोडणी : मेहेरबानी नव्हे, कायदेशीर कर्तव्य

घर बांधून झाले, रंगरंगोटी आटोपली. पण मीटर बसत नाही म्हणून गृहप्रवेश रखडला, असा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. वीज कंपनीच्या कार्यालयात खेटे घालणाऱ्या अर्जदाराला बहुधा ठाऊक नसते, की मागेल त्याला वीज देणे हे कंपनीचे कायद्याने ठरवून दिलेले कर्तव्य आहे.

कलम ४३ काय सांगते?

वीज कायदा, २००३ हा १० जून २००३ पासून अमलात आला. त्याच्या ४३व्या कलमानुसार जागेच्या मालकाने अथवा कब्जेदाराने परिपूर्ण अर्ज केल्यास एका महिन्याच्या आत वीजपुरवठा करणे वितरण परवानाधारकावर बंधनकारक आहे. कसूर झाल्यास दररोज एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नवी वाहिनी किंवा उपकेंद्र उभारावे लागणार असेल, तर मुदत वाढते. वादळ, पूर यांसारख्या आपत्तीत कलम ४४ कंपनीला सूट देते.

ग्राहक हक्क नियम, २०२० आणि त्यातील २०२४ च्या सुधारणेने ही मुदत आणखी आवळली. महानगरांत तीन दिवस, अन्य नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस अशी कमाल मर्यादा त्यात आहे. डोंगराळ ग्रामीण भागासाठी ती ३० दिवस आहे.

भाडेकरूचे काय?

घरमालक 'ना हरकत' देत नाही, या सबबीवर भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. अर्जदार जागेत राहतो की नाही, एवढेच कंपनीने पाहावयाचे आहे. मात्र, वीजबिल हा मालकीचा पुरावा ठरत नाही.

जुनी थकबाकी

हे कर्तव्य निरपवाद नाही. लिलावात घेतलेल्या मालमत्तांच्या प्रकरणांत (के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ) सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी तसा निर्वाळा दिला. नियमांत तरतूद असल्यास आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या संहितेने हा भार सहा महिन्यांच्या थकबाकीपुरता सीमित केला आहे. वारसांना ही सवलत नाही. तेव्हा जुने घर घेताना अखेरचे वीजबिल पाहणे शहाणपणाचे.

थकबाकीपोटी वीज तोडण्यापूर्वीही १५ दिवसांची लेखी नोटीस देणे कलम ५६ नुसार आवश्यक आहे.

वायूची गोष्ट वेगळी

पाइपगॅसच्या बाबतीत प्रत्येक इमारतीला मुदतीत जोडणीची हमी देणारे असे कलम नाही. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ कायदा, २००६ नुसार मंडळ एकेका भौगोलिक क्षेत्राचे अधिकार कंपनीला देते. ठराविक मुदतीत ठराविक संख्येने घरगुती जोडण्या देण्याचे उद्दिष्ट तिच्यावर असते. आपल्या गल्लीत वाहिनी पोहोचली नसेल, तर सोसायटीला वाट पाहावी लागते.

दाद कोठे मागावी?

वीज कंपनीने अर्ज अडवल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. मंचाचा निर्णय अमान्य असल्यास ६० दिवसांत मुंबई किंवा नागपूर येथील विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. मात्र, मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्ज आणि शुल्क भरल्यापासून. म्हणून अर्जाची तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी. तक्रारीच्या वेळी तोच कागद कामी येतो.