ईस्ट इंडिया कंपनीची चिन्हे व नाणी

इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने (१६००–१८७४) आपली ओळख पटविण्यासाठी मानचिन्हे, मालाच्या गासड्यांवरील खुणा, नाणी आणि वास्तू यांचा उपयोग केला. व्यापारी मंडळापासून राज्यकर्त्या संस्थेपर्यंत झालेले कंपनीचे स्थित्यंतर या वस्तूंवर उमटलेले दिसते. तथापि लंडनमध्ये कंपनीने आपले रूप उघडपणे मिरविले, तर हिंदुस्थानच्या बाजारपेठेत तिने दीर्घकाळ दुसऱ्याच्या नावाचा आश्रय घेतला. चिन्हाची मातब्बरी ते धारण करणाऱ्याइतकीच ते मान्य करणाऱ्यावरही अवलंबून असते, हे तिच्या नाण्यांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

मानचिन्हे व खुणा : राणी पहिली एलिझाबेथ हिने ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद दिल्यानंतर लवकरच कंपनीला मानचिन्ह मिळाले. त्यातील ढालीवर शिडे उभारलेली तीन गलबते असून दोन्ही बाजूंस समुद्रसिंह होते. ईश्वर मार्ग दाखवीत असता अपाय संभवत नाही, अशा आशयाचे त्याचे ब्रीदवाक्य होते. दूरच्या सागरी सफरींवर भांडवल लावणाऱ्या व्यापाऱ्यांना ते साजेसे होते. १६९८ मध्ये सरकारला वीस लाख पौंडांचे कर्ज उभारून देऊन एक प्रतिस्पर्धी कंपनी स्थापन झाली. तिच्या पांढऱ्या ढालीवर सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस, वरच्या कोपऱ्यात राजचिन्ह आणि दोन्ही बाजूंस सिंह होते. ब्रीदवाक्यात इंग्लंडचा राजा व पार्लमेंट यांच्या आश्रयाचा उल्लेख होता. १७०९ मध्ये दोन्ही कंपन्यांचे एकीकरण पूर्ण झाल्यावर संयुक्त कंपनीने हेच मानचिन्ह स्वीकारले. गलबते व ईश्वर यांची जागा अशा रीतीने राजा व पार्लमेंट यांनी घेतली. कंपनीची मक्तेदारी यापुढे पार्लमेंटच्या मर्जीवर टिकणार होती, याची ती कबुलीच होय.

मालाच्या गासड्यांवर मात्र साधी व्यापारी खूण असे. हृदयाच्या आकृतीचे भाग पाडून त्यांत संयुक्त कंपनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घालीत. वर इंग्रजी चारच्या आकड्यासारखे चिन्ह असे. हीच खूण १७९१ व १७९४ या वर्षांच्या मुंबई इलाख्यातील तांब्याच्या पैशांवर आढळते. त्यांच्या दुसऱ्या बाजूस तराजू असून त्याखाली ‘अदल’ म्हणजे न्याय या अर्थाचा फार्सी शब्द आहे. वखारीतील खूण आणि राज्यकर्त्याचा न्याय ही दोन्ही एकाच नाण्यावर आल्याने कंपनीची तत्कालीन दुहेरी भूमिका त्यांतून प्रकट होते.

रुपये : मुंबई बेट १६६८ मध्ये कंपनीकडे आले व १६७२ मध्ये तेथे टांकसाळ सुरू झाली. तेथील आरंभीच्या रुपयांवर कंपनीचे मानचिन्ह व लॅटिन मजकूर होता. परंतु बेटाबाहेर त्यांना फारसे चलन मिळाले नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम व मेरी यांच्या नावे फार्सी लिपीत पाडलेल्या रुपयांमुळे औरंगजेबाचा रोष ओढवला. अखेर फर्रुखसियर बादशाहाच्या १७१७ च्या फर्मानाने मुंबईच्या नाण्यांना मोगल राज्यात चालण्याची मुभा मिळाली आणि मुंबईचा रुपया बादशाहाच्या नावे निघू लागला. सराफाने बट्टा न घेता स्वीकारावा, यासाठी परिचित नाव व परिचित रूप आवश्यक होते.

बंगालची दिवाणी मिळाल्यावरही (१७६५) हेच धोरण चालू राहिले. तेथील सिक्का रुपयावर दुसऱ्या शाह आलमच्या राज्यारोहणाचे एकोणिसावे वर्ष कायम ठेवण्यात आले. जुन्या सालाच्या नाण्यांवर सराफ आकारीत असलेला बट्टा टाळणे, हा त्यामागील उद्देश होता. शाह आलम १८०६ मध्ये मरण पावला, तरी त्याच्या नावाचे रुपये पुढेही पडत राहिले. महाराष्ट्रातही पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) कंपनीच्या अमलाखाली पुण्यात अंकुशी रुपये काही वर्षे पाडले जात होते.

१८३३ च्या सनदी कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला आणि १८३५ च्या नाणेविषयक कायद्याने कंपनीच्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरला. त्याच्या एका बाजूस चौथ्या विल्यमचे मस्तक व दुसऱ्या बाजूस ‘ईस्ट इंडिया कंपनी’ हे नाव होते. ज्या काळात कंपनी खरोखर व्यापारी होती, त्या काळात तिचा रुपया बादशाहाच्या नावाने चालला. व्यापार संपल्यावर मात्र तिचे व्यापारी नाव सर्व इलाख्यांतील रुपयांवर झळकले. त्या नावाला आता सराफाच्या संमतीची गरज उरली नव्हती.

अखेर : १८५८ मध्ये हिंदुस्थानचा कारभार राणीच्या सरकारने हाती घेतला, तथापि नाण्यांवरील कंपनीचे नाव १८६२ च्या नव्या नाण्यांपासून गेले. लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया हाउस ही कंपनीची मुख्य वास्तू १८६१ मध्ये पाडण्यात आली. पूर्वेकडील देश ब्रिटानियाला संपत्ती अर्पण करीत आहेत, असे दाखविणारे स्पिरिडिओन रोमाचे तेथील छतचित्र (१७७८) नंतर इंडिया ऑफिसच्या इमारतीत हलविण्यात आले. कंपनी १ जून १८७४ रोजी कायद्याने विसर्जित झाली. तिचे नाव धारण करणारे रुपये व पैसे आज अनेक संग्रहालयांत पाहावयास मिळतात.